निबियाची दुसरी आवळणी

चाक आवळून झालं की निबिया गोनेत गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगायची. "वीस किलोमीटर चालव, गाडी थंड होऊ दे आणि परत घेऊन ये. दुसऱ्यांदा आवळल्याशिवाय चाक पुरं झालं असं समजू नकोस." गिऱ्हाईक मान डोलवायचं, हात हातात घ्यायचं, गाडी सुरू करायचं. मान डोलवणाऱ्या दहांतले आठ परत यायचे नाहीत.

पासो ओंदो गावात लोक म्हणायचे, निबियाच्या नाकावर राग असतो. नाकावर वगैरे काही नव्हता. तो या आठ जणांवर होता, आणि त्यांची नावं तिला पाठ होती. पावाच्या दुकानात रांगेत पुढे त्यांच्यातला कोणी उभा असला, तर ती सगळ्यांदेखत विचारायची, "काय रे, वीस किलोमीटर अजून झाले नाहीत? का चंद्रावर चालवतोस?" आणि तो बिचारा पाव न घेताच निघून जायचा.

गावात जुन्या गाड्या पुष्कळ. शंभर वर्षांच्या, आजोबांनी घेतलेल्या, नातवंडांनी गोठ्यातून ओढून काढून रंगवलेल्या. त्यांना सगळे लाडानं काचिला म्हणतात. या गाड्यांच्या चाकाला आरे लाकडाचे, आऱ्यांभोवतीचा घेर लाकडाचा, आणि घेरावर चढवायचं एक सुटं लोखंडी कडं. टायर असतो तो त्या कड्यावर. टायर फुटला तर अख्खं चाक न काढता नुसतं कडं उतरवायचं आणि दुसरं चढवायचं, अशी ती सोय. कडं घेराला धरून ठेवतात सहा लोखंडी पाचरी. प्रत्येक पाचरीला एक बोल्ट आणि एक नट. एवढंच. सहा नट कोणीही आवळेल असं वाटतं, आणि सगळा घोळ त्या ‘कोणीही’मध्ये आहे.

निबिया एक नट कधीच पुरा आवळायची नाही. एक इथला थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, मग तिसरा, मग त्याच्या समोरचा. पोळपाटावर पोळी फिरवत लाटावी तसं, दाब सगळीकडे सारखा. मध्येच चाक हातानं फिरवायची. लाकडी ठोकळ्यात उभी खोचलेली विणकामाची सुई कड्याच्या कडेपाशी ठेवायची आणि एक डोळा मिटून बघायची, कडं सुईला कुठे टेकतं, कुठे दूर पळतं. मग एकेका आऱ्यावर मोगरीनं टिचकी. कोरडा आरा टणक बोलतो, ओला आरा बद्द बोलतो. पान्याला लांब नळी जोडून जोर लावणाऱ्याला ती दुकानात पाऊल टाकू द्यायची नाही. "लाकूड आहे ते. दाबलं की दबतं, आणि दबलेलं परत वर येत नाही," असं म्हणायची. "तुझ्या दंडाचं कौतुक तुझ्या बायकोला सांग."

आणि भिजवणाऱ्यांचं तर तिच्यापुढे नावही काढायची सोय नव्हती. गावातली ही जुनी खोड. उन्हाळ्यात आरे सुकतात, चाक कुरकुरायला लागतं. मग गाडी ओढ्याच्या उथळ पाण्यात नेऊन दोन दिवस उभी करायची. लाकूड फुगतं, कुरकुर थांबते, आरे हलेनासे होतात. वर एकदा नट पिळले की मालक खूश, चाक नव्यासारखं झालं. पण फुगलेलं लाकूड लोखंडात कोंडलं जातं, स्वतःलाच चेपून घेतं. ऊन लागून वाळलं की आधी होतं त्याहून बारीक होतं. नट जागच्या जागी दिसतात, पाचरी दिसतात, आणि आत पकड उरलेली नसते. ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि कडं पुढे सरकतं. हे निबियानं किती जणांना किती वेळा सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी. "अगं, आमचे आजोबाही भिजवायचे," असं म्हणायचे. आजोबांपुढे लाकडाचं काय चालणार?

तिचा हा सगळा काटेकोरपणा एका चाकातून आला होता. ते चाक गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

वडील एस्तेबान गोनेत चाकं करणारे. आधी बैलगाड्यांची, मग मोटारींची. निबिया एकुलती एक. तिला कोणी शिकायला बसवलं नाही. ती बाजूला उभी राहून शिकली. वीस वर्षांची झाली त्या फेब्रुवारीत वडिलांनी गावच्या सणातल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीसाठी आपल्या गाडीचं मागचं उजवं चाक तिला एकटीला आवळायला दिलं, आणि पावाच्या दुकानात जाऊन कौतुकानं सांगून आले, "यंदा एक चाक माझ्या लेकीच्या हातचं." त्यानंतर निबिया चार दिवस रोसारियोला मावशीकडे गेली. परतली ती सतरा तारखेला, थेट मिरवणुकीच्या सकाळी. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, वळणाच्या जरा आधी, तेच मागचं उजवं कडं निसटलं. गाडी चरात आडवी झाली. आईच्या कपाळाला खोक पडली. वडिलांचा उजवा हात दाराखाली चेपला, आणि त्या हातानं पुढे कधी मोगरी धरली नाही.

चाक कोणी आवळलं होतं, हे विचारायची गरजच नव्हती. ते गावभर आधीच सांगून झालेलं होतं.

तेव्हापासून पासो ओंदोत जे जे डुगडुगतं ते ‘निबियाचं चाक’. क्लबातलं हलणारं टेबल निबियाचं चाक. आजोबांचा हलणारा दात निबियाचं चाक. कोणाचं लग्न मोडायला आलं तर बायका हळूच म्हणायच्या, निबियाचं चाक आहे ते, कितीसं टिकणार. वडील तिला कधी एक शब्द बोलले नाहीत. हात गळ्यात अडकवून दुकानाच्या दाराशी बसायचे आणि ती काम करायची ते बघायचे. तिला वाटायचं, बाबांनी माफ केलं. त्या माफीचं ओझं शिव्यांपेक्षा जड होतं. त्या ओझ्याखाली ती शिकली. पाच वर्षांत तिच्याइतकी चाकं जाणणारं आसपासच्या तीन गावांत कोणी उरलं नाही. लोक यायचेही तिच्याकडेच. नाव मात्र बदललं नाही. एक्केचाळीस वर्षं.

यंदाच्या सणाला समितीनं ठरवलं की मिरवणुकीच्या पहिल्या गाडीत एस्तेबान गोनेतच्या विधवेला, एलिदाबाईंना, बसवायचं. त्या सत्त्याऐंशीच्या. पहिली गाडी अर्थातच समितीच्या अध्यक्षांची, नोटरी हेबेर मालानची. एकोणीसशे सव्वीसची, गडद हिरवी, आजोबांकडून आलेली. मालान पन्नाशीचा, पांढरे बूट घालणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसणारा माणूस. डिसेंबरात निबियानं त्याच्या मागच्या चाकाचे दोन आरे नवे घातले होते, चारही कडी बसवून दिली होती आणि ते नेहमीचं सांगितलं होतं. तो आला नाही. ती दोनदा त्याच्या कचेरीत जाऊन आली. दोन्ही वेळा त्याची कारकून बाई म्हणाली, साहेब सह्या करताहेत.

"तिसऱ्यांदा आले तर म्हणेल, साहेब मेले," निबिया घरी येऊन म्हणाली.

"तू ना, माझ्या एवढ्या एका दिवसात मिठाचा खडा टाकू नकोस," आई म्हणाली. आईनं महिनाभर आधी निळ्या ड्रेसची शिवण सैल करून घेतली होती. रोसारियोहून टोपी मागवली होती. रोज आरशापुढे ती टोपी आधी उजवीकडे कलती करायची, मग डावीकडे. निबियानं एकच अट घातली होती. सणाआधी गाडी दुकानात आली पाहिजे. गुरुवारी मालानचा फोन आला. "निबियाबाई, तुम्हाला त्रास कशाला, मीच आवळलं सगळं. असलं टणक बसलंय म्हणून सांगू! कुरकुरसुद्धा बंद."

कुरकुर बंद, हे ऐकलं आणि निबियाला ओढा आठवला. शुक्रवारी ती त्याच्या घरी गेली तर गाडी नव्हती, फोटो काढायला नेलेली. शनिवारी सण.

सतरा तारखेला सकाळी दहाला चौक माणसांनी भरला होता. चोरिसोची सॉसेजं भाजल्याचा धूर, बँडवाल्यांची पीं-पीं, आणि ओळीनं उभ्या तेवीस गाड्या. वाशिंगतोन नावाचा जाडा पोस्टमन दरवर्षी माईकवर असतो. तो एकेका गाडीची जन्मतारीख वाचत होता. पहिल्या गाडीत, मागच्या सीटवर, निळ्या ड्रेसमध्ये एलिदाबाई. टोपी डावीकडे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हात हलवत होत्या.

निबिया त्यांच्याकडे गेलीच नाही. ती सरळ मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवी बसली. पहिल्या पाचरीच्या खाचेत तिनं नख घातलं. नखाला हिरवं काहीतरी लागलं. वाळलेलं शेवाळ. तिनं वाकून आऱ्याचा वास घेतला. रंगाखालून ओढा येत होता.

"हेबेर!"

बँडची पीं-पीं थांबली. मालान हसत आला. हातात माते चहाचा पेला होता, बगलेत थर्मास.

"काय हो निबियाबाई, सणाच्या दिवशी तरी—"

"किती दिवस पाण्यात ठेवली होतीस?"

"कुठे?"

"तुझ्या सासरी! ओढ्यात, हेबेर. किती दिवस?"

मालाननं आजूबाजूला पाहिलं. माणसं जमायला लागली होती. "रविवारी नेली, मंगळवारी काढली. काय बिघडलं? माझे आजोबाही—"

"आजोबा मेले तुझे. मंगळवारी काढलीस, मग आवळलीस कशानं?"

"पान्यानं."

"नुसत्या?"

"...थोडी नळी लावली."

"नळी लावली!" निबिया उभी राहिली. सहा फुटी बाई नव्हती ती, पण तेव्हा वाटली. "ओल्या लाकडावर नळी लावून पिळलंस, मग तीन दिवस पत्र्याखाली उन्हात वाळवलंस, आणि वर माझी आई बसवलीस. त्यापेक्षा पाव भाजायच्या भट्टीत का नाही बसवलंस तिला? निदान खमंग झाली असती."

कोणीतरी हसलं. कोणीतरी मागून म्हणालं, "अगं बाई, चाकाच्या गोष्टी निबियाकडून शिकायच्या म्हणजे!" आणि मग जास्त जण हसले. निबियानं मागे वळून पाहिलं नाही. तिला तो आवाज कोणाचा ते माहीत होतं.

"अकराला निघायचंय," मालान हलक्या आवाजात म्हणाला. "गाडी एकदम ठीक आहे. हलवून बघा."

त्यानं स्वतःच चाकाला लाथ मारून दाखवली. चाक हललं नाही.

"बघा."

"बघते." निबियानं खिशातून खडू काढला. लाकडी घेरापासून लोखंडी कड्यापर्यंत तिनं एक सरळ पांढरी रेघ ओढली. दोन्हींवरून जाणारी, अखंड. "आईला उतरव. रिकामी गाडी घे आणि चौकाला एक फेरा मार. चर्चसमोर आलास की ब्रेक दाब, उतारावर दाबशील तसा. रेघ सरळ राहिली तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन आणि मिरवणुकीपुढे झेंडा धरून चालेन. आयुष्यात कोणाला परत ये म्हणून सांगणार नाही."

ही पैज लोकांना आवडली. वाशिंगतोननं ती लगेच माईकवर जाहीर केली. एलिदाबाई मात्र उतरायला तयार नव्हत्या. "मी बसले की बसले. बसवताना तिघांनी उचललंय मला." शेवटी त्यांना उतरवून झाडाखाली खुर्चीवर बसवलं. त्यांनी निबियाकडे पाठ केली.

गाडी निघाली. आवाज खरोखरच नव्हता. चौकाच्या तीन बाजू तिनं छान डौलात घेतल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चसमोर मालाननं ब्रेक दाबला. एक बारीकसा करकर आवाज झाला, लाकडाचा नाही, लोखंडाचा. गाडी थांबली.

रेघ तुटली होती. घेरावरचा अर्धा भाग होता तिथेच होता. कड्यावरचा अर्धा भाग दोन बोटं पुढे गेला होता. हवा भरायची नळी घेराच्या भोकातून बाहेर येते, ती वाकडी होऊन भोकाच्या कडेला दाबली गेली होती.

"आता हे इथे झालं, सपाटीवर, रिकाम्या गाडीत," निबिया म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "उतारावर ती नळी तुटेल. हवा जाईल. कडं निसटेल. पुढचं मी सांगायला नको, या गावानं ते एक्केचाळीस वर्षं मला सांगितलंय."

कोणी हसलं नाही. मालान वाकून रेघेकडे बघत राहिला, कान लाल. मग त्यानं जे केलं ते नोटरी माणूसच करू जाणे. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे. पुन्हा पान्याला नळी लावून चांगलं पिळतो आणि अगदी हळू नेतो. दहाच्या वेगानं. लोकांना इतक्या लांबून बोलावलंय, पाहुणे आलेत, काही मान राखायचा की नाही?" आणि तो झाडाखाली गेला आणि त्यानं एलिदाबाईंना हात दिला. "चला आई, आपण निघू."

एलिदाबाई उठल्या.

"आई, बस खाली," निबिया म्हणाली.

"तू गप्प बस गं. हळू नेतो म्हणतोय ना तो."

"आई, रेघ दिसली ना तुला?"

"खडूची रेघ दिसली. रोज टोपी घालून बघतेय मी, निबिया, त्याला महिना झाला. महिना. माझं वय काय, पुढच्या वर्षी मी असेन का?" त्या गाडीपाशी आल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या. आणि चिडून, थकून, लेकीला एकदाचं गप्प करायला म्हणून बोलून गेल्या, "भिजवलं म्हणजे काय आभाळ कोसळतं? तुझे बाबासुद्धा भिजवायचे. त्या आठवड्यातही चारही चाकं ओढ्यात घातली होती त्यांनी, आणि ते तर चाकंच करायचे!"

बोलल्या आणि त्यांचं त्यांना कळलं. हात दारावरून सुटला.

"कुठल्या आठवड्यात?" निबिया म्हणाली.

एलिदाबाई गाडीच्या दिव्याकडे बघायला लागल्या.

"आई. कुठल्या आठवड्यात?"

"तू रोसारियोला होतीस."

चौकात पन्नास माणसं तरी ते ऐकत होती. चोरिसो भाजणाऱ्यानं चिमटा हवेत धरला होता.

"मी चाक कोरडं आवळून गेले होते," निबिया म्हणाली. "मंगळवारी. मी सुई लावून बघितलं होतं."

"चाकं कुरकुरत होती. सणाला त्यांच्याच गाडीची चाकं कुरकुरणार, लोक काय म्हणतील, असं म्हणाले. दोन दिवस ठेवली पाण्यात. मग वरून थोडं पिळलं." आई आता भराभरा बोलत होती. "दवाखान्यात त्यांनी माझा हात धरून सांगितलं, एलिदा, हे कोणाला बोलू नकोस, माझ्याकडे उरलंय ते नावच. मी काय करू? नवरा होता माझा. हात गेला होता त्यांचा."

"बाबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. मग कोण अडवत होतं तुला?"

"तोवर तू शिकली होतीस चांगली. सगळे तुझ्याकडेच येत होते. मला वाटलं, आता उकरून काय मिळणार."

"काय मिळणार?" निबिया म्हणाली. "काय मिळणार?" वीस वर्षांची होती ती. त्या दिवसानंतर ती क्लबात नाचायला गेली नव्हती. रोसारियोचा एक मुलगा दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा त्याच्या आईनं त्याला पाठवलं नाही. रात्री झोप लागेना म्हणून तेच सहा नट तिनं मनातल्या मनात किती हजार वेळा आवळले असतील, आणि प्रत्येक वेळी शेवटचा नट कुठे चुकला ते शोधलं असेल. तो चुकलाच नव्हता. आणि दाराशी बसून हात गळ्यात घेऊन तिच्याकडे बघणारा माणूस माफ करत नव्हता. तो घाबरलेला होता.

"आपण घरी बोलू," आई म्हणाली. "किंवा पास्टरांसमोर. मी त्यांना सगळं सांगते, तू म्हणशील तेव्हा."

"पास्टरांना नको. ते तर इथे आले दहा वर्षांपूर्वी." निबियानं माईककडे बोट केलं. "तिथे."

"सगळ्यांसमोर?"

"आजवर झालं ते सगळ्यांसमोरच झालंय."

"निबिया, म्हातारी आहे ती," मालान मध्ये पडला.

"तू बोलू नकोस. तू एक शब्द बोलू नकोस, हेबेर. तुझ्या सह्या झाल्या असतील तर बाजूला हो."

तो बाजूला झाला. एलिदाबाईंनी एकदा लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे मऊ असं काही दिसलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि काठी टेकत माईकपर्यंत गेल्या. तीस पावलं असतील. कोणी हात दिला नाही. निबियाच्या नजरेपुढे कोणाची छाती झाली नाही. वाशिंगतोननं माईक खाली वाकवून दिला.

"मी एलिदा," त्या म्हणाल्या, आणि कर्णे किंचाळले म्हणून थांबल्या. "एस्तेबान गोनेतची. त्र्याऐंशी साली चाक निघालं ते... ते माझ्या नवऱ्यानं ओढ्यात भिजवलं होतं. पोरीनं बरोबर आवळलं होतं. मला माहीत होतं." त्यांनी हातातली टोपी उलटी केली. "एवढंच," त्या म्हणाल्या.

टाळ्या कोणी वाजवाव्यात अशी ती गोष्ट नव्हती. एकानं वाजवायला सुरुवात केली आणि लाजून थांबला. मघाशी मागून टोमणा मारणारी बाई पावाच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली. निबियाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं काहीच नाही. उलट आता राग धरायला एक मेलेला माणूस होता आणि एक जिवंत, आणि दोघांवर तिचा जीव होता.

ती मालानच्या गाडीपाशी गेली. "चाव्या दे."

"म्हणजे?"

"ही गाडी एप्रिलच्या आधी रस्त्यावर येणार नाही. लाकूड सावलीत वाळू दे, मग चारही घेर तपासावे लागतील. चाव्या."

त्यानं दिल्या.

आई माईकपाशीच उभी होती, टोपी दोन्ही हातांत धरून. आता कुठे बसायचं हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. वाशिंगतोननंच शेवटी घसा साफ करून विचारलं, "निबियाताई, मग एलिदाबाईंना... मिरवणुकीत..."

दुसऱ्या नंबरची गाडी पालमीराहून आलेल्या एका नवरा-बायकोची होती. निबियानं त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या गाडीकडे गेली, गुडघे टेकले आणि पाना काढला. नवऱ्यानं न सांगताच टोपी काढून हातात घेतली. आधी पुढचं डावं चाक. आऱ्यांवर टिचक्या. पाचरी. एक नट, त्याच्या समोरचा नट. मग पुढचं उजवं. अकरा वाजले. सव्वाअकरा. बावीस गाड्या आणि अख्खा बँड उन्हात उभा होता आणि कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा आवळला गेला. बाकी सगळं कोरडं, घट्ट.

"भिजवली होती कधी?" तिनं विचारलं.

"नाही हो बाई," तो माणूस म्हणाला. "आमच्या गावात ओढाच नाही."

निबिया उठली, गुडघे झटकले. "हिला बसवून न्या," ती त्याला म्हणाली. ‘आईला’ म्हणाली नाही. "उतारावर ब्रेक धरून ठेवू नका, सोडत सोडत दाबा."

एलिदाबाईंना दोघांनी उचलून बसवलं. त्यांनी टोपी घातली नाही. गाडी हलली, बँड सुरू झाला, आणि चौकाच्या कोपऱ्यावर वळताना त्यांनी मान मागे वळवून लेकीला शोधलं. निबिया तोवर हिरव्या गाडीखाली जॅक लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.